पाणी कोण होणार

त्या वर्षी पावसानं मध्येच अंग काढून घेतलं आणि ओढा लवकरच दगडांवर आला. वरच्या अंगाला नुसती वाळू, खालच्या अंगाला चिखलाच्या वाळक्या खपल्या. मधल्या वळणावर, कड्याच्या सावलीत, तेवढा एक डोह उरला. ओढ्यात जे जे जगत होतं ते सगळं मागं मागं सरकत त्या डोहात येऊन दाटीवाटीनं राहिलं होतं.

डोहाची जागा दोघा भावांची सामाईक. वर काठाला लागून थोरल्याच्या टोमॅटोची रोपं होती आणि ती माना टाकायला लागली होती.

धाकट्या भावाला नावानं कोणी हाक मारत नसे. तो शाळेच्या पोरांना ओढ्यावर नेई, हातात जाळी आणि भिंग देई, पाण्यातले किडे दाखवी, डोळे बांधून झाडं हातानं ओळखायला लावी. पोरं त्याला बेडूककाका म्हणत. गाव नुसतंच बेडक्या म्हणे. त्याआधी तो वीटभट्टीवर होता. छातीनं दगा दिला तेव्हा घरी आला. मग एका वर्षी ओढ्यातले किडे मोजणारी माणसं येऊन राहिली, त्यांचं सामान यानं वाहिलं, आणि ती गेली तेव्हा त्यांच्या जुन्या जाळ्या, पांढऱ्या थाळ्या आणि ऐकून ऐकून पाठ झालेली त्यांची बोलणी याच्याकडे राहिली. त्यावर घर चाललं होतं. यंदा एकेका शाळेनं पाय मागं घेतला. ओढ्याला पाणीच नाही तर दाखवणार काय, असं म्हणत. एकच शाळा उरली होती. ती फिरली तर पुन्हा भट्टी होतीच. भट्टीच्या मुकादमानं दोनदा निरोपही धाडला होता.

त्याची बायको ही घरातली धाकटी सून. सासूसासरे जाऊन वर्षं झाली, लेक लग्न होऊन गेली, चाळिशी उलटली, तरी सगळ्यांच्या तोंडी ती धाकटीच. जाळ्या धुणं, भिंगं पुसणं, पोरांचे पाय चिखलातून उपसणं, कोणाला मळमळलं तर डोकं धरणं ही कामं तिची. बोलण्याचं काम नवऱ्याचं.

थोरला एका सकाळी अंगणात आला. त्याचे गुडघे गेले होते. अंगणातल्या पायरीवर बसतानाही तो आधी पायरीला दोन शिव्या देई आणि मग बसे.

"रोपं जळायला लागलीत," तो म्हणाला. "मी डोहाला इंजिन लावतो."

धाकटीच्या नवऱ्यानं जाळीची गाठ मारता मारता मान खाली घातली. थोरल्यापुढे त्याचं तोंड उघडत नसे. पोरांपुढे बेडकासारखा उड्या मारणारा हाच माणूस का, असं कोणालाही वाटलं असतं.

"दादा, शाळा यायचीय," धाकटी म्हणाली. "डोह उपसला तर पोरांना दाखवायचं काय?"

"पोरांना दाखवायला पाणी, आणि माझ्या रोपांना?"

"आठवडाभर थांबा. ही शाळा वर्षभर यायचं म्हणतेय. आली तर यांना भट्टीवर जावं लागणार नाही."

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ खोकला. खोकला थांबवण्यासाठी त्यानं जाळीची दांडी छातीशी दाबली. थोरला काही दगडाचा नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "शाळा येऊन जाऊ दे. त्यांनी यायचं ठरवलं आणि त्यांना डोह लागतोय म्हणाले, तर डोहाला मी हात लावत नाही. नाही म्हणाले तर त्याच दिवशी इंजिन लावीन. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"नाही मोडणार."

"तू नाही गं. हा," थोरला म्हणाला आणि पायरीला पुन्हा एक शिवी देऊन उठला.

शाळेच्या बाई जागा बघायला आल्या तेव्हा उन्हानं माती भाजली होती. बाई तरुण होत्या, चपला पांढऱ्या. काठावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. डोह तिथून तीन पुरुष खोल. पायवाट होती, पण ती बकऱ्यांनी पाडलेली.

"इथून मुलं उतरणार?" बाईंनी विचारलं.

"दरवर्षी उतरतात," धाकटीचा नवरा म्हणाला. "मी पुढं, ही मागं."

"गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या मुलीचा हात मोडला, माहीत आहे ना? आमच्याकडे आता सक्त आहे. उतारावर मूल न्यायचंच नाही."

"इथं नव्हता मोडला, बाई. ते तिकडं, बागेतल्या पाळण्यात बसताना मोडला."

"कुठंही मोडला तरी हात तो हातच." बाईंनी घड्याळ पाहिलं. "वर काही सोय होत असेल तर सांगा. कार्यक्रम छान आहे तुमचा. दोऱ्याचा खेळ, ते झाड ओळखणं, मुलांना फार आवडेल. पण किडे सपाटीवर हवेत."

किडे सपाटीवर हवेत. बाई गेल्यावर धाकटी ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. तिला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही.

नवरा मात्र पेटला. घराशेजारी, रस्त्याच्या कडेला खड्डा काढायचा, पांढरा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पाणी भरायचं आणि डोहातलं सगळं वर आणून सोडायचं. "डोहच वर आणू," तो म्हणाला. "पोरं वाकून बघतील. पाय ओला नाही, काही नाही."

खड्डा दोघांनी खणला. जमीन विटेसारखी झाली होती. पहार मारली की ती हातात झणझणून परत येई. नवरा पहार मारायचा, दम लागला की बसायचा, आणि तो बसला की धाकटी मारायची. तो बसलेलाच जास्त वेळ असायचा. थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, कुंपणाशी उभी राहून बघत होती.

"काय गं, कोणाला पुरताय?" तिनं विचारलं.

"तुम्हाला मापात बसेल का बघतोय, ताई."

"मला आडवं पडायला कुठलं मिळतंय," थोरली म्हणाली. "रोपांना घागरीनं पाणी घालून माझी कंबर गेली. एकदाचं इंजिन लागेल तर सुटेन, असं वाटलं होतं. ते तुम्ही लांबवलंत."

"लागलं तरी पाट धरायला तुम्हीच असणार."

"तेही खरंच म्हणा," थोरली म्हणाली आणि घागर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी वाहिलं. डोहातून बादली भरायची, बकऱ्यांच्या वाटेनं वर यायचं, खड्ड्यात ओतायची. कडी बोटांच्या पेरात रुतून तिथं पांढरे वळ उठले. धाकटीनं हाताला फडकं गुंडाळलं, ते भिजून घसरायला लागलं, तिनं काढून टाकलं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात आपले नाहीतच असं वाटायला लागलं तेव्हा कुठं खड्ड्यात मांडीभर पाणी साठलं. मग जिवंत माल. नवरा जाळं फिरवी, ती बादली धरी. बोटाएवढे मासे, शेपटीवाली बेडकाची पिल्लं, पाण्यावर गरगर फिरणाऱ्या निवळ्या, काडीसारखे पाणविंचू, आणि चतुराची पिल्लं. चतुर उडायला लागण्याआधी पाण्यात असतो तेव्हा तो मातकट, जाडा, सहा पायांचा, दिसायला अगदी गरीब. दगडाखाली चिकटून बसलेला. नवऱ्यानं दगड उलटे करून करून त्यांना काढलं.

"थोडे इथं राहू द्या," धाकटी म्हणाली.

"थोडे ठेवून काय करायचंय? एकेका पोराच्या जाळ्यात काहीतरी यायला हवं. रिकामं जाळं वर आलं की पोरं हिरमुसतात, आणि बाईंचं तोंड वाकडं होतं."

खड्ड्याशी आल्यावर ती म्हणाली, "दगड टाकू चार. मुळ्या टाकू. लपायला."

"लपले तर दिसणार कसे?"

"मग हे चतुराचे वेगळे ठेवा. टबात."

"टब कुठंय? एक आहे तो फुटका." तो वाकून बघत होता. पांढऱ्या कागदावर प्रत्येक जीव शाईच्या ठिपक्यासारखा ठसठशीत दिसत होता. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा असा उजळला नव्हता. "बघ तरी. डोहात असं कधी दिसलं होतं?"

डोहात कोणी कोणाला दिसत नव्हतं म्हणूनच सगळे टिकले होते, हे तिच्या जिभेवर आलं होतं. दगड आणायला पुन्हा खाली उतरावं लागलं असतं. जेवण व्हायचं होतं आणि जाळ्या धुवायच्या होत्या. तिनं खड्ड्यावर ओलं पोतं ओढलं आणि ती आत गेली.

सकाळी पोतं काढलं तेव्हा पाणी स्वच्छ होतं. फारच स्वच्छ.

तळाशी बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या पडल्या होत्या, नुसत्या शेपट्या. एक मासा वाकडा होऊन पाण्यावर आला होता, त्याच्या पोटाला भोक. निवळ्यांच्या पाठीची काळी टरफलं कडेला जमली होती. आणि मधोमध, पांढऱ्या कागदावर, चतुराची पिल्लं बसली होती. कालच्यापेक्षा जाडी. एक पाणविंचू कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. त्याला एक पाय कमी होता.

नवरा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"तू म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"म्हणाले होते, पण दगड आणले नाहीत," धाकटी म्हणाली. "उठा. त्या शेपट्या काढा. बस येईल."

तो उठला नाही. चहाची गाळणी घेऊन शेपट्या तिनंच काढल्या. नंतर गाळणी फेकून द्यावी लागली.

बस उशिरा आली. उतरताना पोरांचा आवाज आधी आणि पोरं नंतर आली. बाईंनी आज वेगळ्या चपला घातल्या होत्या. आवाज ऐकला तसा नवऱ्याच्या अंगात कोणीतरी चावी दिल्यासारखं झालं. त्यानं अंगणाच्या मधोमध बेडकाची उडी मारली, तोंडानं आवाज काढला, पोरं खिदळली. खोकला आला तो त्यानं बेडकाच्याच आवाजात मिसळून दिला. फक्त धाकटीला कळलं.

आधी झाडं झाली. डोळ्यांना फडकी बांधायची, जोडीदारानं फिरवत फिरवत एका झाडाशी न्यायचं, साल चाचपायची, खोडाला मिठी मारायची, वास घ्यायचा. मग परत येऊन फडकं सोडायचं आणि आपलं झाड शोधायचं. एका जाड्या पोरानं मोठ्या प्रेमानं विजेच्या खांबाला मिठी मारली. "माझं झाड फार गुळगुळीत आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या जोडीदाराला हसून हसून खाली बसावं लागलं.

मग दोऱ्याचा खेळ. पोरं गोल उभी राहिली. नवऱ्यानं दोऱ्याचा गुंडा काढला आणि विचारलं, "गवत कोण?" कोणीतरी हात वर केला. "नाकतोडा कोण? बेडूक कोण?" बेडूक व्हायला निम्मी पोरं पुढं आली. साप, घार, मासा, सगळ्यांना गिऱ्हाईक मिळालं. दोरा याच्या हातातून त्याच्या हातात असा आडवातिडवा गेला.

"आता पाणी कोण होणार?"

कोणी हललं नाही.

"पाणी काहीच करत नाही," एक चष्मेवाला पोरगा म्हणाला. तो घार झाला होता आणि आधीपासून पंख पसरून उभा होता. "नुसतं उभं राहायचं. मला नको."

"पाण्याला तोंडसुद्धा नसतं," दुसरी एक म्हणाली.

"मग काकू होतील पाणी," नवरा म्हणाला. दर वेळी हेच होई. धाकटी मधोमध जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांचे दोरे तिच्या बोटांत आले. कालचे वळ अजून पांढरे होते. त्यांच्यावर दोरा बसला तसे तिनं ओठ दाबले.

खेळ असा होता की ज्याला काका शिट्टी वाजवून "मेलास" म्हणतील त्यानं दोरा सोडायचा. ज्याच्या हाताला ढिलं लागेल त्यानंही मग सोडायचा. गवत मेलं. नाकतोडा मेला. बेडूक तर फारच रंगून, जीभ बाहेर काढून मेला. पाण्याला मारायची वेळ आली की सगळं एकदम ढिलं पडे आणि खेळ संपे. नवऱ्यानं शिट्टी ओठांना लावली, मधोमध उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि शिट्टी खाली घेतली.

"पाणी आज नाही मरत," तो म्हणाला. "चला, खड्ड्याकडे."

"हे चीटिंग आहे," चष्मेवाला म्हणाला. "मी मेलो आणि पाणी नाही!"

खड्ड्याभोवती पोरं ओणवी झाली. पहिलं जाळं वर आलं, त्यात चतुराचं पिल्लू. दुसरं आलं, त्यातही तेच. तिसऱ्यातही. थाळ्यांत ठेवले, भिंगं लागली. नवरा चतुर पुढं उडतो कसा, पंख फुटतात कसे, हे सांगत राहिला, पण आवाज खाली खाली येत होता.

"काका, यात दुसरं काहीच नाहीये?" कोणीतरी विचारलं.

बाईंनी मान वर केली.

"होतं," नवरा म्हणाला.

"मग कुठं गेलं?"

तेवढ्यात एका थाळीत काहीतरी झालं. मोठ्या पिल्लानं तोंडाखाली घडी करून ठेवलेला जबडा एकदम पुढं फेकला, शेजारच्या लहान्याला आकड्यात धरलं आणि तोंडाशी ओढून शांतपणे चावायला सुरुवात केली. मग अशी काही आरोळी उठली की झाडावरचे पक्षी उडाले.

"यांनी खाल्लं! सगळ्यांना यांनीच खाल्लं!"

"बाई, भावाला खाल्लं त्यानं! सख्ख्या भावाला!"

पोरं थाळीवर तुटून पडली. एक पोर रडलं, पण आपल्याला दिसत नाही म्हणून. नवऱ्यानं बाईंकडे चोरून पाहिलं. बाई हसत होत्या, फोननं चित्रण करत होत्या. मग तोही सावरला, गुडघ्यांवर बसला, त्यानं हाताचा जबडा करून जाड्या पोराचं नाक पकडलं. दिवस त्याच्या हातात आला होता.

दोन वेण्यांची एक मुलगी मात्र घोळक्यातून बाहेर आली आणि भिंगं पुसणाऱ्या धाकटीजवळ उभी राहिली.

"काकू, आता खड्ड्यात हेच राहिलेत ना?"

"हो."

"मग आता हे काय खाणार?"

"एकमेकांना."

"आणि मग?"

"भिंग दे इकडं," धाकटी म्हणाली. "बिस्किटाचा हात लागलाय त्याला."

डबे खाऊन पोरं बसमध्ये चढू लागली तेव्हा थोरला अंगणात येऊन बसलेला होता. धाकटीनं बाईंना चहा दिला, त्यालाही दिला. बाई खूश होत्या. शाळेला सांगते, म्हणाल्या. सगळे वर्ग पाळीपाळीनं आणते, वर्षभर. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

"आणि ही खड्ड्याची कल्पना फार चांगली," बाई म्हणाल्या. "तो उतार नाही, घसरणं नाही. आता त्या खालच्या डोहाची काही गरजच नाही. असंच ठेवा. फक्त पुढच्या वेळी प्राणी जरा जास्त ठेवा, वेगवेगळे. बेडूक वगैरे."

"ठेवू की," नवरा म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं.

बस गेली. धूळ खाली बसली. मग थोरल्यानं कप पालथा घातला.

"ऐकलंस ना," तो धाकटीला म्हणाला. आवाजात खोट नव्हती, हेच वाईट होतं. "शाळा येणार, चांगलं झालं. भट्टी टळली. माझ्याही जिवावरचं ओझं उतरलं. पण डोह त्यांना नको, असं त्या स्वतः म्हणाल्या. मी नाही म्हणालो."

"दादा, खड्ड्यात सोडायचं ते डोहातूनच येणार ना?"

"बघा कुठून तरी. डबकी काय कमी आहेत?"

"कुठं आहेत दाखवा."

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस?"

नवरा दोऱ्याचा गुंडा गुंडाळत होता. "दादा म्हणाला तसं आहे खरं," तो म्हणाला. "बोलणं तसंच झालं होतं." आणि मग बायकोला, हळू, "जाऊ दे ना. आणू कुठून तरी. आजचा दिवस तरी."

इंजिन काठावर आणायला थोरल्याला माणूस लागत होता. धाकटीचा नवरा उठला आणि एका बाजूनं त्यानं हात घातला. काठाशी पोचेपर्यंत तो दोनदा थांबला. इंजिन ठेवून आला तो सरळ घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. धाकटीनं दार ओढून घेतलं. त्याच्यावर चिडायला जेवढं बळ लागतं तेवढं तिच्याकडे नव्हतं.

तिनं खड्ड्यातली राहिलेली पिल्लं जाळीनं काढली, बादलीत घेतली. एक पाय गेलेला तो पाणविंचूही सापडला, आश्चर्यच. बादली घेऊन ती बकऱ्यांच्या वाटेनं खाली उतरली. पाइपचं तोंड पाण्यात ठेवायला थोरली आधीच खाली आली होती. थोरल्याला उतरणं शक्य नव्हतं. कित्येक वर्षांत त्यानं डोह वरूनच पाहिला होता, आणि इंजिनाजवळून तर पाणी दिसतही नसे.

"धर हे," थोरली म्हणाली. "माझ्या एकटीनं हलत नाही."

दोघींनी ते जड, जाळीदार तोंड धरून डोहाच्या खोलगटात सोडलं. वरून थोरल्यानं पाइपात पाणी भरलं, शिव्या दिल्या, पुन्हा भरलं. इंजिन धडधडलं, धुराचा एक गोळा काठावरून खाली आला, आणि पाइप जिवंत होऊन ताठ झाला.

डोहाच्या मधे एक आडवा खडक होता. भरल्या ओढ्यात तो कधी दिसत नसे. खडकाच्या अलीकडे खोलगट, तिथं पाइप. पलीकडे कड्याच्या पोटात शिरलेली एक घळ, दगडधोंड्यांनी आणि मुळ्यांनी भरलेली. पाणी खडकाच्या मधल्या खाचेखाली गेलं की घळीतलं पाणी तेवढं तुटून वेगळं राहणार होतं. पाइप तिथं टाकला नाही तर.

धाकटीनं बादली घळीत रिकामी केली. पिल्लं क्षणात दगडांखाली दिसेनाशी झाली. मग तीही खडकावर बसली आणि पाय पाण्यात सोडून राहिली. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. थंड. तीन दिवसांत पहिल्यांदा ती काही न धरता बसली होती.

"वर चल की," थोरली म्हणाली. "इथं काय मुहूर्त बघतेस?"

"बसते जरा."

"मलाही बसू दे मग. वर गेलं की पाट धरा, हा वाफा भरला, तो फोडा." थोरली शेजारी टेकली. "तुझ्या त्या पोरांचा आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. काय झालं होतं एवढं?"

"भावानं भावाला खाल्लं."

"एवढंच? ते बघायला बस करून कशाला यायचं?" थोरली म्हणाली, आणि दोघीही हसल्या, दमलेली माणसं हसतात तसं, आवाज न करता, खांदे हलवून.

ऊन कड्यावर चढलं. इंजिन एकसुरी चाललं होतं. पाणी पोटऱ्यांवरून घोट्यांवर आलं, घोट्यांवरून खाली. खडकाची ओली कड उघडी पडली, मग तिच्याखालची शेवाळाची पट्टी. घळीतलं पाणी तुटून वेगळं झालं आणि हलायचं थांबलं. अलीकडे खोलगटात अजून हातभर पाणी होतं, गढूळ, आणि त्यात कालच्या जाळ्यातून सुटलेलं काहीबाही जाळीकडे ओढलं जात होतं. एक बोटाएवढा मासा उलटा पोहून पोहून दमत होता.

थोरला वरून ओरडला, "इकडचं झालं की पाइप पलीकडं टाका! कोपऱ्यात बरंच असतं!"

धाकटी उठली. खोलगटात उतरली, वाकली, दोन्ही हातांनी पाइपचं तोंड धरलं. ते थरथरत होतं, हाताला ओढत होतं. बोटांतले वळ जागे झाले. तिनं ते उचललं आणि पाण्याबाहेर, खडकावर टेकवलं.

पाइपानं एक लांब घोट घेतला, घुर्रर्र केलं, आणि वर इंजिनाचा आवाज एकदम मोकळा, सैल झाला.

"काय झालं?" थोरल्याची हाक आली.

"पाणी संपलं," धाकटी म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

"एवढ्यात? कोपऱ्यात बघितलं का?"

धाकटीचे हात ओढीनं भरून आले होते, पाइप खडकावरून घसरू बघत होता. तिनं जावेकडे पाहिलं. थोरलीनं आधी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग घळीकडे, तिथल्या स्थिर पाण्याकडे. त्या पाण्यात अर्धी रोपं तरी भिजली असती. ती पुढं झाली, घळीत ओंजळ बुडवून तिनं तोंडावर पाणी मारलं, कोपरानं पुसलं. मग ती खडकावर येऊन बसली, सगळा भार टाकून, पाइपच्या तोंडावरच.

"बंद करा हो," तिनं वर हाक दिली. "नुसता वारा ओढतोय."